आठ वर्षांची अट

मिरजेला मीरासाहेबांच्या दर्ग्यात गेलात, तर तिथे एका गवयाचीही कबर दिसेल. उरसाच्या दिवसांत या आवारात गाणे होते. दूरदूरचे कलावंत येतात, हजेरी लावतात आणि नमस्कार किंवा सलाम करून परत जातात. कोण कोणत्या धर्माचा, ही चौकशी तिथे कुणी करीत नाही. ही कबर उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची. त्यांच्या सुरेल गळ्याविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. आज मात्र त्यांच्या दुसऱ्या एका कामाविषयी सांगायचे आहे. ते काम होते वयात येणारी, गाण्याने झपाटलेली, पण पाठीशी फारसे कुणी नसलेली मुले सांभाळण्याचे.

खाँसाहेबांचा जन्म 11 नोव्हेंबर 1872 चा, कैराना गावातला. हे गाव आज उत्तर प्रदेशातल्या शामली जिल्ह्यात आहे. आपण ज्याला किराणा घराणे म्हणतो, त्याचे नाव या गावावरूनच पडले. घरात पिढ्यान् पिढ्या गाणे आणि सारंगी. वडील काले खाँ हेच पहिले उस्ताद. तरुणपणी ते बडोद्याच्या दरबारात आले. तिथे सरदार घराण्यातल्या ताराबाई माने यांच्याशी त्यांचे सूर जुळले आणि दोघांना बडोदा सोडावे लागले. मुंबईमार्गे ते मिरजेला पोहोचले. शिकलगारांनी हत्यारे सोडून सतारी आणि तंबोरे घडवायला घेतलेले हे गाव सुरांच्या माणसाला मानवले नसते तरच नवल. तंबोरा लावावा तर खाँसाहेबांनीच, अशी त्यांची ख्याती होती. वाद्य बिघडले तर ते स्वतः हत्यारे घेऊन दुरुस्तीला बसत.

त्या काळी विद्या सहसा घराबाहेर जात नसे. उस्तादांनी चीज द्यायची ती मुलाला, पुतण्याला, फार तर जावयाला. त्यामागे केवळ कंजुषपणा नव्हता. विद्या हीच रोजी होती आणि ती वाटली तर पोराबाळांनी खायचे काय, ही चिंता होती. अशा काळात धारवाडजवळच्या कुंदगोळ गावात खाँसाहेबांची आणि एका कारकुनाच्या मुलाची गाठ पडली.

मुलाचे नाव रामचंद्र, घरचे रामभाऊ म्हणत. जन्म 1886 चा. वडील गावातल्या नाडगीर घराण्याकडे कारकुनी करीत. मुलाला शिकायला हुबळीला ठेवले होते, पण त्याचे चित्त गाण्यात. सुरुवातीचे धडे बळवंतराव कोल्हटकरांनी दिले होते आणि ते तर वारले होते. पंधरा-सोळाचे वय, शाळेत मन नाही आणि गुरू नाही. आजही अनेक घरांत हे चित्र दिसते. नाडगीरांच्या वाड्यात खाँसाहेबांचे येणे-जाणे होते, तिथेच हा मुलगा त्यांच्या पदरात पडला. खाँसाहेबांनी होकार दिला, पण एक अट घातली. आठ वर्षे आपल्यापाशी राहून शिकायचे, मध्येच सोडून जायचे नाही.

आठ वर्षे! पंधरा वर्षांच्या मुलाला हा आकडा म्हणजे जवळजवळ जन्मठेप. पण ही अट एकट्या शागिर्दावर नव्हती, ती उस्तादावरही होती. आठ वर्षे मुलगा आपल्या छपराखाली राहणार, आपल्या ताटात जेवणार, आजारी पडला तर आपणच उशाशी बसणार, हे त्यात आलेच. मुलगे वयात येतात तेव्हा आवाज फुटतो. कालपर्यंत सहज लागणारा सूर आज दगा देतो. पोराला वाटते, संपले सगळे. अशा वेळी हा घोगरेपणा जाईल हे ठामपणे सांगणारे मोठे माणूस जवळ असावे लागते. पहाटे, रमजानमध्ये आपण सहरीला उठतो त्या सुमारास, खर्ज लावून एकाच स्वरावर बसायचे, ही गुरुगृहाची रीत. आठ वर्षांत अशा किती पहाटा येतात, त्याचा हिशेब करून पाहावा. सब्र हा शब्द आपण एरवी फार सहज वापरतो.

पुढे खाँसाहेबांनी हेच काम मोठ्या प्रमाणावर हाती घेतले. 1913 मध्ये त्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय सुरू केले. गरिबाघरची मुले तिथे राहत, जेवत आणि शिकत. फी देण्याची ऐपत नसलेल्यांचा भार विद्यालय उचलत असे. पैसा कुठून येई? खाँसाहेबांच्या गळ्यातून. गावोगाव तिकिटे लावून जलसे करायचे आणि त्या कमाईवर पोरे पोसायची. घरचा सारा व्याप ताराबाई सांभाळीत. त्यांची स्वतःची मुलेही, सुरेशबाबू आणि हिराबाई, या मुलांमध्येच वाढत होती. याच शिष्यपरिवारातले बाळकृष्णबुवा कपिलेश्वरी यांनी पुढे खाँसाहेबांचे जाडजूड चरित्र मराठीत लिहिले. एका मुसलमान उस्तादाचे आयुष्य त्याच्या हिंदू शिष्याने असे जतन करून ठेवले.

पण चरित्र म्हणजे नुसती आरती नव्हे. 1922 च्या सुमारास ताराबाई पाचही मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. विद्यालयाचा कणाच मोडला आणि खाँसाहेब मिरजेला परतले. परक्यांच्या मुलांना आठ-आठ वर्षे सांभाळणाऱ्या माणसाला स्वतःची मुले मात्र दुरावली. दोष कुणाचा, हा निवाडा आज आपण करू नये. पण मोठ्या कामामागे घरातल्या माणसांनी काय सोसले, याकडे डोळेझाक करूनही चालणार नाही. जो सर्वांचा पालक होतो, त्याच्या दारातली मुले कधी कधी वाट पाहत राहतात.

शिष्याच्या बाबतीतही सारे मनासारखे झाले नाही. रामभाऊ नाटक कंपनीत गेले, ते खाँसाहेबांना रुचले नाही. रंगभूमीवर रामभाऊ सवाई गंधर्व झाले. गुरूने दाखवलेल्या वाटेवरून शिष्य थोडा बाजूला गेला, पण गुरूने दिलेला सूर त्याच्याबरोबर गेला. तालीम अमानत असते ती अशी. ती कुठे वापरायची हे देणारा ठरवू शकत नाही, ती निर्मळ असावी एवढेच त्याच्या हाती असते.

आणि ती अमानत किती दूर पोहोचली पाहा. सवाई गंधर्व कुंदगोळला स्थिरावले, तेव्हा गंगूबाई हनगल हुबळीहून आगगाडीने त्यांच्याकडे शिकायला येत. गदगचा एक मुलगा खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी तबकडीवर ऐकून अकराव्या वर्षी घरातून पळाला होता. गुरूच्या शोधात खूप भटकून तो अखेर सवाई गंधर्वांच्या दारी आला. पाणी भरले, पडेल ते काम केले आणि गाणे मिळवले. तो मुलगा म्हणजे पंडित भीमसेन जोशी. गुरूच्या निधनानंतर 1953 पासून पुण्यात सवाई गंधर्व महोत्सव भरू लागला, तो त्यांच्याच पुढाकाराने.

दुरावलेल्या मुलांनीही तेच केले. सुरेशबाबू मान्यांनी किती तरुण गळे घडवले! प्रभा अत्रे कोवळ्या वयात त्यांच्याकडे शिकल्या आणि त्यांच्यानंतर हिराबाई बडोदेकरांकडे. बाप आणि मुलांत अंतर पडले, पण शिकवण्याची रीत तुटली नाही.

1937 च्या ऑक्टोबरात खाँसाहेब मद्रासहून पाँडिचेरीला निघाले होते. रेल्वेत अस्वस्थ वाटू लागले म्हणून सिंगपेरुमाळ कोइल या लहानशा स्थानकावर उतरले. फलाटावरच अंथरूण घातले, नमाज अदा केली, दरबारीच्या सुरांत अल्लाहचे नाव घेतले आणि 27 ऑक्टोबरला तिथेच डोळे मिटले. दफन मात्र मिरजेच्या मातीत झाले.

आपल्या आजूबाजूला आजही असे पंधरा वर्षांचे रामभाऊ आहेत. कुणी वहीच्या मागच्या पानावर चित्रे काढतो, कुणी गच्चीत एकटीच नाचाचा सराव करते. त्यांना दर वेळी खाँसाहेबांएवढा उस्ताद मिळेल असे नाही. पण शाळेतला एखादा शिक्षक, मोहल्ल्यातला एखादा चाचा, गल्लीतली एखादी मावशी एवढे करू शकते: रोज थोडा वेळ त्याच्यापाशी बसायचे, आवाज फुटला तरी थांबायचे आणि मधूनच उठून जायचे नाही. अट फक्त मुलांना घालून भागत नाही. ती आधी आपल्याला पाळावी लागते.