यंत्रज्ञ बेंटले

मोटार रस्त्याने धावत असते तेव्हा तिचे इंजिन एकसारखे श्वास घेत असते, हे पुष्कळांच्या ध्यानी येत नाही. हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण आत ओढावे, दाबावे, जाळावे आणि उरलेला धूर बाहेर टाकावा, हा त्याचा अखंड उद्योग. या श्वासाची वेळ कॅमशाफ्ट नावाचा दंड ठरवितो. तो फिरू लागला म्हणजे त्याच्यावरील उंचवटे झडपांना उघडतात आणि मिटू देतात. इंजिनाने श्वास कसा घ्यावा, या प्रश्नावर ज्याने आपल्याच कारखान्यात हार पत्करली, त्या वॉल्टर ओवेन बेंटलेची ही हकीकत आहे.

त्याचा जन्म १६ सप्टेंबर १८८८ रोजी लंडन येथे झाला. नऊ भावंडांत तो सर्वांत धाकटा. लहानपणापासून त्याला आगगाडीच्या इंजिनांचे विलक्षण वेड होते. म्हणून सोळाव्या वर्षी शाळा सोडून तो डॉन्कास्टर येथील रेल्वेच्या कारखान्यात उमेदवार म्हणून दाखल झाला. तेथे पाच वर्षे त्याने तेलाने आणि काजळीने हात माखून घेतले.

पुढे भावाबरोबर तो फ्रेंच मोटारी विकू लागला. १९१३ साली फ्रान्समधील कारखान्यात गेला असता, कागदांवर ठेवण्याचे ॲल्युमिनियमचे एक वजन त्याच्या दृष्टीस पडले. त्या काळी इंजिनातील दट्टे बहुधा बिडाचे, म्हणून जड असत. ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे दट्टे केले तर? बेंटलेने ते करविले आणि त्याची मोटार पूर्वीपेक्षा वेगाने धावू लागली. पहिल्या महायुद्धात हे ज्ञान त्याने लपवून ठेवले नाही. विमानांची इंजिने घडविणाऱ्यांना त्याने ते दिले, आणि स्वतःही विमानासाठी एक उत्तम इंजिन तयार केले.

१९१९ साली त्याने स्वतःची मोटार कंपनी काढली. त्याच्या पहिल्या इंजिनात चार सिलिंडर, प्रत्येकास चार झडपा आणि माथ्यावर कॅमशाफ्ट अशी रचना होती. साडेसहा लिटरच्या इंजिनात तर कॅमशाफ्ट फिरविण्यासाठी तीन दांड्या बसविल्या होत्या. आगगाडीची चाके जोडणाऱ्या दांड्यांची त्या पाहून आठवण व्हावी! फ्रान्समध्ये ल मां या गावी चोवीस तासांची शर्यत भरते. ती बेंटले गाड्यांनी १९२४ साली आणि मग १९२७ पासून लागोपाठ जिंकली.

परंतु कंपनीची तिजोरी सदैव रिकामी. अखेर वूल्फ बार्नाटो या धनिकाने भांडवल घातले आणि बेंटले आपल्याच कारखान्यात दुय्यम झाला. त्याच वेळी टिम बर्किन या धाडसी शर्यतपटूने निराळाच हट्ट धरला. साडेचार लिटरच्या गाडीला सुपरचार्जर, म्हणजे मिश्रण बळाने आत कोंबणारा पंप, बसवावा! ११० अश्वशक्तीचे इंजिन त्यामुळे शर्यतीत २४० पर्यंत जाणार होते.

बेंटलेला हे रुचले नाही. बळ हवे तर इंजिनच मोठे करावे, असे त्याचे मत होते. त्यामागे विचार होता. साध्या इंजिनात धुराची झडप पुरती मिटण्यापूर्वीच मिश्रणाची झडप उघडू लागते. वेगाने बाहेर पडणारा धूर ताज्या मिश्रणाला आपल्यामागे ओढतो. मात्र मिश्रण जोराने कोंबले जात असेल तर त्यातले काही न जळताच धुराबरोबर निसटून जाते. तेव्हा सुपरचार्जर लावणाऱ्याने कॅमशाफ्टही जपून निवडावा लागतो. दोन्ही झडपा एकदम उघड्या राहण्याचा अवधी कमी करावा लागतो. शिवाय उष्णता वाढते, दट्ट्यांवरचा भार वाढतो. एक वस्तू बाहेरून लावली की आतल्या दहा बदलाव्या लागतात!

बार्नाटोने मात्र बर्किनला अनुमती दिली. शर्यतीच्या नियमांमुळे तशा पन्नास गाड्या विक्रीसाठी करणेही भाग पडले.

१९३० च्या जूनमध्ये ल मां येथे कसोटी लागली. जर्मनीची प्रचंड मर्सिडीझ समोर होती. बर्किन तिच्या पाठीस लागला. मागील चाकाच्या टायरचे कातडे सोलून उडत असतानाही त्याने तिला मागे टाकले. धाडस अपूर्व खरे! रात्री मर्सिडीझ बंद पडली. पण शर्यत संपण्यापूर्वी बर्किनची गाडी आणि तिची जोडीदारही बंद पडल्या. पहिल्या दोन जागा सुपरचार्जर नसलेल्या साडेसहा लिटरच्या बेंटले गाड्यांनी पटकावल्या. विजयी गाडी हाकणाऱ्यांत स्वतः बार्नाटो होता, ही मोठी गमतीची गोष्ट.

असे असले तरी बर्किनचा मार्ग अगदीच चुकीचा होता, असे म्हणता येणार नाही. त्याच वर्षी पो येथील फ्रेंच शर्यतीत त्याने त्याच जातीच्या गाडीतून दुसरा क्रमांक मिळविला. पुढे लढाऊ विमानांना तर विरळ हवेत उंच जाण्यासाठी सुपरचार्जरवाचून गत्यंतर उरले नाही. घाई नडली ती चोवीस तासांच्या शर्यतीत.

या विजयाने तिजोरी भरली नाही. जगभर मंदी पसरली होती. १९३१ साली कंपनी बुडाली आणि रोल्स-रॉइसने ती विकत घेतली. कंपनीबरोबर बेंटले हे नावही गेले. काही वर्षे त्या नव्या मालकांकडे चाकरी करून १९३५ साली तो लॅगोंडा कंपनीत गेला. तेथे त्याच्या देखरेखीखाली बारा सिलिंडरांचे सुंदर इंजिन तयार झाले. १३ ऑगस्ट १९७१ रोजी त्याचे निधन झाले. तोपर्यंत त्याच्या नावाच्या गाड्या चाळीस वर्षे दुसऱ्याच्या कारखान्यातून बाहेर पडत होत्या.