गालावरच्या खुणेचा माणूस : लोराँ क्लेर

उजव्या गालावरून दोन बोटे खाली ओढायची, एवढीच ती खूण. दोनशे वर्षांपूर्वी पॅरिसच्या शाळेतील कर्णबधिर मुले जिच्या आधारे एका सोबत्याला ओळखीत, त्याच खुणेने अमेरिकेतील कर्णबधिर समाज आजही त्या माणसाचा उल्लेख करतो. कागदोपत्री त्यांचे नाव लोराँ क्लेर. जन्म २६ डिसेंबर १७८५ रोजी, फ्रान्समधील लियाँ शहराजवळच्या ला बाल्म या गावी. वडील राजनियुक्त नोटरी आणि गावाचे महापौर. वर्षभराचा लोराँ खुर्चीवरून विस्तवात पडला, गाल भाजला, ताप भरला. आणि मुलाला ऐकू येत नाही, वासही येत नाही, हे यथावकाश घरच्यांच्या ध्यानात आले. बहिरेपण या अपघाताने आले की जन्मतःच होते, याविषयी क्लेर यांना स्वतःलाही कधी खात्री वाटली नाही. व्रण मात्र राहिला आणि तोच पुढे नाव झाला.

बाराव्या वर्षी काकांनी त्यांना पॅरिसच्या कर्णबधिर शाळेत घातले. आबे द लेपे या धर्मगुरूंनी उभारलेली ही संस्था तेव्हा आबे सिकार चालवीत. इथे दोन प्रकारच्या खुणा नांदत होत्या. एक, मुलांच्या आपसातल्या. दुसऱ्या, द लेपे यांनी फ्रेंच व्याकरण शिकवण्यासाठी मुद्दाम घडवलेल्या. त्यांत लिंग, काळ, प्रत्यय या सर्वांना स्वतंत्र खुणा. मुलांच्या खुणांना व्याकरण नाही, ते बाहेरून घालावे लागते, अशी त्यामागची समजूत. ती चुकीची होती; पण हे भाषाशास्त्राच्या भाषेत मांडले जायला १९६० साल उजाडावे लागले. हाताचा आकार, त्याची जागा आणि त्याची हालचाल या मोजक्या घटकांतून खुणा बनतात, जसे मोजक्या ध्वनींतून शब्द बनतात, हे त्या वर्षी विल्यम स्टोकी यांनी अमेरिकेत दाखवून दिले. बोलणारा एका वेळी एकच ध्वनी काढतो. खुणा करणाऱ्याचे हात, चेहरा आणि समोरची मोकळी जागा एकाच वेळी अर्थ वाहतात. फरक माध्यमाचा आहे, योग्यतेचा नव्हे.

क्लेर यांना बोलायला शिकवण्याचाही प्रयत्न झाला. उच्चार जमेना म्हणून चिडलेल्या एका शिक्षकाने हनुवटीखाली ठोसा मारला आणि मुलाची जीभ दातांखाली आली. पुन्हा तोंडाने बोलायचे नाही, असे त्या मुलाने ठरवले आणि त्र्याऐंशी वर्षांच्या आयुष्यात तो निश्चय पाळला. त्यांचे खरे गुरू ज्याँ मास्यू हे स्वतः कर्णबधिर होते. विशीतच क्लेर त्याच शाळेत शिक्षक झाले.

१८१५ साली सिकार आपल्या या दोन शिष्यांना घेऊन लंडनला गेले. तिथे प्रात्यक्षिके पाहायला आलेल्यांत थॉमस हॉपकिन्स गॅलोडेट हा अमेरिकन तरुण होता. हार्टफर्ड शहरातील डॉक्टर कॉग्सवेल यांची मुलगी ॲलिस बहिरी होती आणि अमेरिकेत अशा मुलांसाठी कायमस्वरूपी शाळा नव्हती. म्हणून नागरिकांनी वर्गणी काढून गॅलोडेट यांना युरोपात पाठवले होते. ब्रिटनमधील शाळा ब्रेडवुड कुटुंबाच्या हाती होत्या आणि आपली पद्धत ते सहजासहजी शिकवायला तयार नव्हते. गॅलोडेट पॅरिसला गेले. इंग्रज शाळाचालकांच्या या व्यापारी हट्टाने एका भाषेचा इतिहास बदलला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे नाही.

क्लेर यांनी अमेरिकेला जायचे कबूल केले. सिकार नाखूश, आईचा विरोध. कॅथलिक मुलगा प्रॉटेस्टंट मुलखात निघालेला. करार तीन वर्षांचा. १८ जून १८१६ रोजी जहाज सुटले, ते ९ ऑगस्टला न्यूयॉर्कला लागले. त्या बावन्न दिवसांत क्लेर यांनी गॅलोडेट यांना खुणा शिकवल्या आणि गॅलोडेट यांनी क्लेर यांना इंग्रजी. सरावासाठी क्लेर इंग्रजीतून रोजनिशी लिहीत. शिकवणारा आणि शिकणारा दर तासाला आपली जागा बदलत असतील, असे चित्र डोळ्यांपुढे येते.

निधीसाठी दोघांनी गावोगाव दौरे केले. १५ एप्रिल १८१७ रोजी हार्टफर्डची शाळा सात विद्यार्थ्यांनिशी उघडली. त्यांत ॲलिस होतीच.

पुढे घडले ते अधिक मोलाचे. या शाळेत येणारी मुले कोऱ्या पाटीनिशी आली नव्हती. कोणी घरातल्या घरात घडवलेल्या खुणा घेऊन आले. मार्थाज व्हिनयार्ड या बेटावर अनेक पिढ्या बहिरी मुले जन्मत, त्यामुळे तिथे ऐकणारे लोकही खुणा जाणत. तिथली मुले आपली खुणांची भाषा घेऊन आली. निजण्याच्या खोल्यांत आणि जेवणाच्या मेजावर या साऱ्याची क्लेर यांच्या फ्रेंच खुणांशी गाठ पडली. त्यातून आजची अमेरिकन खूणभाषा घडली. तिचे आणि फ्रेंच खूणभाषेचे निम्म्याहून अधिक शब्द सजातीय असल्याचे नंतरच्या तुलनांत आढळले. शोधणे या क्रियेची अमेरिकन खूण रोमन 'सी' अक्षराच्या आकाराच्या हाताने करतात. तो 'सी' फ्रेंच क्रियापदाचा. करणाऱ्याला फ्रेंच ठाऊक नसते, जसे चावी, पगार, बटाटा म्हणताना आपल्याला पोर्तुगीज आठवत नाही. उलट, इंग्रजी बोलणाऱ्या दोन्ही देशांतील कर्णबधिरांना एकमेकांच्या खुणा कळत नाहीत. ब्रिटिश खूणभाषेचे कुळच वेगळे. बोटांनी इंग्रजी अक्षरे दाखवायची दोन हातांची ब्रिटिश रीत भारतात रुजली, अमेरिकेत मात्र क्लेर यांची एका हाताची.

हे मिश्रण क्लेर यांना रुचले का? उतारवयात त्यांनी खेदाने लिहून ठेवले, की द लेपे यांच्यापेक्षा आपण मागे पडलो आहोत. शिक्षक मंडळी अनुभवी गुरूंऐवजी अशिक्षित विद्यार्थ्यांकडून खुणा उचलू लागली आहेत. आपल्या डोळ्यांदेखत भाषा जन्मली आणि त्यांना ती बिघडताना दिसली. शुद्धतेच्या आग्रहाखातर बेळगावच्या किंवा पेडण्याच्या मराठीला नाके मुरडणारे आपणही पाहिले आहेत. पण क्लेर यांना दोष देणे जड जाते. ज्या खुणांसाठी त्यांनी देश सोडला, त्या त्यांना जशाच्या तशा हव्या होत्या.

तीन वर्षांचा करार एकेचाळीस वर्षे चालला. १८१९ मध्ये त्यांनी शाळेचीच कर्णबधिर विद्यार्थिनी एलायझा बोर्डमन हिच्याशी लग्न केले. चार्ल्स विल्सन पील यांनी रंगवलेल्या चित्रात एलायझाच्या मांडीवर तान्ही मुलगी आहे आणि आईच्या हाताची बोटे 'ई' हे अक्षर दाखवीत आहेत. १८५८ मध्ये क्लेर निवृत्त झाले. १८६४ मध्ये वॉशिंग्टनला कर्णबधिरांच्या महाविद्यालयाचा उद्घाटन समारंभ झाला, तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे क्लेर व्यासपीठावर होते. १८ जुलै १८६९ रोजी हार्टफर्डलाच त्यांचे निधन झाले.

अकरा वर्षांनी मिलान येथे भरलेल्या शिक्षकांच्या परिषदेने शाळांतून खुणा हद्दपार करण्याचा ठराव केला. अमेरिकेतही पुढे वर्गावर्गांत मुलांचे हात आवरले गेले. दिवसभर ती मुले ओठ हलवायला शिकत आणि रात्री निजण्याच्या खोल्यांत, मोठ्यांची पाठ फिरताच, त्यांचे हात पुन्हा बोलू लागत.