रायतूरचा इंग्रज पुराणकार

मडगावपासून थोड्याच अंतरावर, जुवारी नदीच्या काठी रायतूर हे गाव आहे. पोर्तुगीज कागदपत्रांत त्याचे नाव राशोल. जुन्या किल्ल्याची दगडी कमान ओलांडून वर गेले की जेझुइट पाद्र्यांनी सतराव्या शतकाच्या आरंभी उभारलेली पांढरी, भव्य सेमिनरी दिसते. तिथे आजही धर्मगुरूंचे शिक्षण चालते, त्यामुळे आतील भाग पाहायचा तर परवानगी घ्यावी लागते. गोव्याला येणारे बहुतेक पर्यटक जुन्या गोव्यातील चर्च पाहून किनाऱ्याकडे वळतात. रायतूरला फारसे कोणी येत नाही. मराठी वाचकाने मात्र इथे यायलाच हवे. ‘ख्रिस्तपुराण’ हा सुमारे अकरा हजार ओव्यांचा मराठी ग्रंथ १६१६ मध्ये याच गावी छापला गेला आणि त्याचा कर्ता होता एक इंग्रज, फादर थॉमस स्टीफन्स.

स्टीफन्स यांचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यात झाला. राणी एलिझाबेथच्या राज्यात कॅथलिक पंथीयांना दिवस कठीण होते. स्टीफन्स यांनी देश सोडून रोम गाठले आणि १५७५ मध्ये ते जेझुइट संघात दाखल झाले. ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून निघालेल्या जहाजाने ते २४ ऑक्टोबरला गोव्यात उतरले. साडेसहा महिन्यांच्या या प्रवासात रोगाने अनेकांना ग्रासले आणि सत्तावीस जण दगावले. पोहोचताच त्यांनी वडिलांना लिहिलेल्या पत्रात हा सारा वृत्तांत आहे. पुढे ते पत्र इंग्लंडमध्ये छापले गेले. पूर्वेकडे नजर लावून बसलेल्या व्यापाऱ्यांच्या देशात अशा पत्राला वाचक मिळाले नसते तरच नवल. स्टीफन्स स्वतः मात्र मायदेशी कधीच परतले नाहीत. उरलेली चाळीस वर्षे त्यांनी गोव्यात, मुख्यतः साष्टी प्रांतात काढली.

ही साष्टी त्या काळी शांत नव्हती. १५४३ मध्ये पोर्तुगीजांच्या हाती आलेल्या या प्रांतातील देवळे १५६७ मध्ये मोठ्या प्रमाणावर पाडण्यात आली होती. मंगेश आणि शांतादुर्गा ही दैवते त्याआधीच भक्तांनी नदीपलीकडे, पोर्तुगीज अमलाबाहेर हलवली होती. जुलै १५८३ मध्ये कुंकळ्ळी येथे ग्रामस्थांनी पाच जेझुइटांना ठार मारले. त्यांत अकबराच्या दरबारातून नुकतेच परतलेले रुडॉल्फ अक्वाविवा होते. सूड म्हणून पोर्तुगीजांनी गावच्या गावकरांना असोळणा येथे बोलावून घेतले आणि ठार केले. स्टीफन्स यांनी त्याच वर्षी २४ ऑक्टोबरला पॅरिसमधील भावाला पत्र लिहिले. त्यात आपल्या सहकाऱ्यांच्या हत्येची हकीकत आहे, आणि त्याच पत्रात इथल्या भाषांची घडण ग्रीक व लॅटिनशी जुळते असे निरीक्षणही आहे. विल्यम जोन्स यांनी कलकत्त्यात संस्कृतविषयी असाच विचार मांडला तो १७८६ मध्ये, म्हणजे दोनशे वर्षांनी. रक्तपाताच्या बातमीशेजारी व्याकरणाचा विचार करणारा हा माणूस निराळाच म्हटला पाहिजे.

बाटलेल्या लोकांना जुनी पुराणे वाचण्यास मनाई होती. देवळातले कीर्तन गेले, घरातल्या पोथ्या गेल्या. कानांना मात्र ओवीची सवय होती. ग्रंथाच्या आरंभी साष्टीतील एक नवख्रिस्ती ब्राह्मण हीच अडचण पाद्र्यांपुढे मांडतो : जुनी पुराणे बंद केलीत, तर त्यांच्या जागी तशीच नवी का देत नाही? स्टीफन्स यांनी ती मागणी मनावर घेतली. बायबलमधील सृष्टीच्या उत्पत्तीपासून ख्रिस्ताच्या चरित्रापर्यंतची कथा त्यांनी दोन भागांत रचली. छंद ओवीचा, वळण संतकवींचे. स्वर्गाला वैकुंठ म्हणण्यातही त्यांना संकोच वाटला नाही. आरंभीच मराठीची थोरवी रत्नांच्या आणि सुगंधी फुलांच्या उपमांनी गायली आहे. मराठीचे असे कौतुक मराठी जन्मलेल्या कवींनीही क्वचितच केले असेल. पैठणला एकनाथ ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत तयार करत होते, ती याच पिढीतली गोष्ट.

हे सारे धर्मप्रसारासाठी होते, हे विसरून चालणार नाही. ज्या सत्तेने पोथ्या हिरावल्या, तिच्याच आश्रयाने हा ग्रंथ लिहिला गेला. परंतु केवळ आज्ञापालन म्हणून अकरा हजार ओव्या होत नाहीत. त्यासाठी भाषेचे वेड लागते.

ग्रंथ देवनागरीत छापावा अशी स्टीफन्स यांची इच्छा होती. १६०८ मध्ये त्यांनी रोमला तशी विनंतीही केली. पण जोडाक्षरे धरून सुमारे सहाशे खिळे पाडावे लागणार होते, ते काही जमले नाही. अखेर मराठी ओव्या रोमन लिपीत छापल्या गेल्या. स्टीफन्स १६१९ मध्ये वारले. त्यांची प्रश्नोत्तररूप ‘दौत्रिन क्रिश्तां’ १६२२ मध्ये आणि कोंकणीचे व्याकरण १६४० मध्ये, दोन्ही रायतूरलाच, त्यांच्या पश्चात छापले गेले. पर्वरी येथील कोंकणी केंद्राला आज त्यांचे नाव आहे.

पुराणाच्या १६४९ आणि १६५४ मध्ये आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. चर्चमध्ये त्याचे वाचन होई. पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारने स्थानिक भाषेच्या वापरावरच बंदी घातली. पहिल्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आजवर मिळालेली नाही. ग्रंथ तगला तो हस्तलिखितांमुळे, विशेषतः दक्षिणेकडे मंगळूर भागात जाऊन वसलेल्या ख्रिस्ती घराण्यांनी जपलेल्या प्रतींमुळे. त्यांवरून जोसेफ साल्ढाणा यांनी १९०७ मध्ये मंगळूरला नवी आवृत्ती काढली, तीही रोमन लिपीतच. लंडनमधील मार्सडेन संग्रहात एक देवनागरी हस्तलिखित मिळाल्याचे पुढे जस्टिन अ‍ॅबट यांनी अभ्यासकांच्या नजरेस आणले. देवनागरीत छापलेले ख्रिस्तपुराण मराठी वाचकांच्या हाती आले ते १९५६ मध्ये, पुण्यात, शांताराम बंडेलू यांच्या संपादनाखाली.