शिक्षकांचे सांगाती : संत जॉन बाप्टिस्ट डी ला साल
(सण : ७ एप्रिल)

फ्रान्समधील रीम्स शहरात ३० एप्रिल १६५१ रोजी एका श्रीमंत घराण्यात जॉन यांचा जन्म झाला. १६६७ साली ते तेथील कॅथेड्रलचे कॅनन झाले. मान आणि उत्पन्न दोन्ही मिळाले. आईवडील लवकर वारल्यामुळे धाकट्या भावंडांची जबाबदारी त्यांच्यावर पडली. १६७८ मध्ये त्यांना गुरुदीक्षा मिळाली.

शाळा चालवण्याचा त्यांचा विचार नव्हता. १६७९ मध्ये आद्रियाँ न्येल हे गृहस्थ गरीब मुलांसाठी मोफत शाळा काढायला रीम्सला आले आणि फादर जॉन यांनी त्यांना साहाय्य केले. शाळा निघाल्या, पण शिक्षक कच्चे होते. त्यांना कोणी शिकवायला शिकवले नव्हते. पगार तुटपुंजा, मान नाही. फादरांनी त्यांना आपल्या पंगतीला बसवले आणि १६८१ मध्ये राहायलाही घरीच आणले. नातेवाईक संतापले. पुढच्या वर्षी घर सोडून ते शिक्षकांसह भाड्याच्या घरात गेले.

तरीही अनेक शिक्षक सोडून गेले. उरलेल्यांना उद्याची चिंता होती. देवावर भरवसा ठेवा, असे फादर सांगत. पण फादरांपाशी पद आणि पैसा आहे, आपण मात्र म्हातारपणी उघड्यावर पडू, असे त्यांनी स्पष्ट सुनावले. ते फादरांच्या मनाला लागले. १६८३ मध्ये त्यांनी कॅननपद सोडले. पुढच्या दुष्काळात आपली संपत्तीही भाकरीच्या रूपाने गरिबांना वाटून टाकली. आता ते शिक्षकांसारखेच झाले.

खेड्यांतील शाळांसाठी त्यांनी शिक्षकांचे प्रशिक्षण सुरू केले. अनुभवी ब्रदरांशी विचारविनिमय करून शाळा चालवण्याचे पुस्तक लिहिले. नव्या शिक्षकाला कसे घडवावे, याचाही त्यांनी विचार केला होता. मुलांना लॅटिनऐवजी आधी मातृभाषेत वाचायला शिकवावे, असा त्यांचा आग्रह होता.

१६९१ च्या सुमारास पुन्हा संकट आले. अतिश्रमाने ब्रदर आजारी पडले, काही निघून गेले. फादरांनी पॅरिसजवळ वोजिरार येथे घर घेऊन थकलेल्यांना विश्रांती, प्रार्थना आणि आध्यात्मिक साधनेसाठी बोलावले. त्याच वर्षी २१ नोव्हेंबरला त्यांनी दोन ब्रदरांसह हे कार्य न सोडण्याची शपथ घेतली. त्या दोघांपैकी एकाने पुढे साथ सोडली, पण फादर ढळले नाहीत. ७ एप्रिल १७१९ रोजी, शुभ शुक्रवारी, रुआँ येथे त्यांनी देह ठेवला. १९०० साली त्यांना संतपद मिळाले आणि १९५० मध्ये पोप बारावे पायस यांनी त्यांना शिक्षकांचे आश्रयदाते संत म्हणून जाहीर केले.

आपण नव्या शिक्षकाच्या हाती वर्ग देतो, धर्मशिक्षणासाठी तरुण मुलामुलींना पुढे करतो, आणि मग त्यांना विसरतो. वर्षभरात कोणी थांबले की त्यांना चिकाटी नाही, असे म्हणून मोकळे होतो. संत जॉन यांनी दोष दिला नाही, आपले ताट पुढे केले. येत्या रविवारी मिस्सानंतर आपल्या मुलांच्या शिक्षकांना भेटू या, त्यांची विचारपूस करू या, आणि रोजच्या प्रार्थनेत त्यांची आठवण ठेवू या.

संत जॉन बाप्टिस्ट डी ला साल, आमच्या शिक्षकांसाठी विनंती कर.