नाथांघरचे श्राद्ध आणि नाथांची षष्ठी

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥

मार्गशीर्ष पौर्णिमेला संध्याकाळी पाळणा हलतो, सुंठवडा वाटला जातो आणि मग सगळे उभे राहून दत्ताची आरती म्हणतात. ती आरती पैठणच्या श्रीएकनाथ महाराजांची. शेवटच्या कडव्यात जनार्दनस्वामींचे नाव येते तेव्हा आपले हात आपोआप जोडले जातात. पण ज्यांनी ही आरती रचली त्या नाथांचे सगळे चरित्र आपल्यापैकी किती जणांनी एकदा तरी सलग ऐकले असेल? यंदाच्या अंकात ते सांगावेसे वाटले, आणि त्याला एक कारण आहे.

वय वाढले की आपली जाण्यायेण्याची ठिकाणे बदलतात. पूर्वी लग्नामुंजीच्या पत्रिका यायच्या. आता सकाळी फोन वाजला की आधी छातीत धस्स होते. कुणाला खांदा द्यायचा, कुणाच्या दहाव्याला घाटावर जायचे, कुणाच्या तेराव्याला पानावर बसायचे. घाटावर पिंडाकडे बघत, कावळा कधी शिवतो याची वाट पाहत बसलेली मंडळी हळू आवाजात एकच बोलत असतात. आपल्यामागे हे सगळे कोण करणार? मुले लांब आहेत. करतील का? आणि नाही केले तर? देवळात रोज येणाऱ्या माणसालाही ही काळजी सुटत नाही. उगाच नाही म्हणायचे कशाला?

नाथ संन्यासी नव्हते. बायको, मुलगा, मुली, नातवंडे, दारावर येणारे अतिथी, घरची श्राद्धपक्ष, गावाचा रोष हे सगळे त्यांच्या वाट्याला होते. म्हणून आपल्यासारख्यांनी या बाबतीत त्यांच्याकडेच बघावे.

नाथांचा जन्म पैठणला, शके १४५५ च्या सुमारास, भानुदास महाराजांच्या कुळात झाला. विजयनगरला नेलेली विठ्ठलाची मूर्ती पंढरपूरला परत आणली ते हे भानुदास. त्यांचे पुत्र चक्रपाणी, त्यांचे सूर्यनारायण, आणि सूर्यनारायण व रुक्मिणीबाई यांच्या पोटी नाथ आले. मूळ नक्षत्रावर जन्मलेले मूल. काही दिवसांतच आईवडील दोघेही गेले. मुळावरचे पोर आईबापांना भोवले असे लोक बोललेच असतील, लोकांचे तोंड कोण धरणार? आजोबा चक्रपाणी आणि आजी सरस्वतीबाई यांनी नातवाला वाढवले. म्हणजे बघा, मरणाशी नाथांची ओळख पाळण्यातच झाली. ज्या वयात मूल आईचा पदर धरते त्या वयात त्यांनी आजोबांचे धोतर धरले.

बारा वर्षांचे झाल्यावर हे पोर एके रात्री कुणाला न सांगता घरातून निघाले आणि देवगिरीला पोचले. तिथले किल्लेदार जनार्दनस्वामी. दिवसा किल्ल्याचा कारभार आणि बाकी वेळ दत्तात्रेयांची उपासना, असा त्यांचा क्रम. मुसलमान राजवटीत मोठ्या हुद्द्यावर असलेला हा पुरुष अंतर्यामी पूर्ण दत्तमय होता. नाथांनी त्यांचे पाय धरले. गुरूंनी काम दिले ते हिशेबाचे. एकदा एका अधेलीची चूक सापडेना म्हणून पोरगा रात्रभर वह्या चाळत बसला आणि पहाटे चूक सापडल्यावर आनंदाने टाळी वाजवली, ही गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकली आहे. चित्त असे एका जागी लागते हे पाहून स्वामींनी त्यांना पुढे नेले. मलंगाच्या वेशात आलेले दत्तप्रभू, शूलभंजन डोंगरावरचे अनुष्ठान आणि तिथे झालेले दर्शन, हे सारे दत्तसंप्रदायात भक्तिभावाने सांगितले जाते.

इकडे पैठणला दोन म्हातारी माणसे रडत होती. मुलगा गेला, सून गेली, आता नातूही दिसेना. पुढे शोध लागल्यावर चक्रपाणी देवगिरीला गेले आणि स्वामींकडून नाथांच्या नावे एक पत्र घेऊन आले. तीर्थयात्रा करून नाथ पैठणला परतले तेव्हा आजोबांनी ते पत्र त्यांच्या हातात दिले. पत्र मिळेल तिथेच राहा, लग्न कर, संसार कर, असा गुरूंचा आदेश त्यात होता. नाथ तिथेच थांबले. पुढे पाऊल टाकले नाही. ज्या गुरूंनी दत्तदर्शन घडवले त्यांनीच शिष्याला म्हाताऱ्यांच्या उंबऱ्यावर परत पाठवले. मोक्षाच्या वाटेवर निघालेल्याने आधी आजीआजोबांचे डोळे पुसावेत, असे त्या स्वामींना वाटले असणार.

गिरिजाबाईंशी लग्न झाले. या बाईंचे नाव घेतल्याशिवाय नाथांचे चरित्र पुरे होत नाही. रात्री-अपरात्री आलेल्यासाठी चूल पुन्हा पेटवायची, आणि तीही कपाळाला आठी न घालता, हे त्यांचे काम.

आता ते श्राद्ध. महिपतीबुवांनी भक्तलीलामृतात नाथांचे चरित्र विस्ताराने सांगितले आहे, त्यातला हा प्रसंग. पितरांच्या तिथीला नाथांकडे स्वयंपाक झाला होता. ब्राह्मणांना आमंत्रणे गेली होती. वाड्यामागून गावकुसाबाहेरची काही मंडळी मुलाबाळांसह जात होती. अन्नाचा वास आला आणि एक पोर आईपाशी हट्ट करू लागले. आईने समजूत घातली की असले अन्न आपल्या नशिबात नाही. ते शब्द नाथांच्या कानी पडले. त्यांनी गिरिजाबाईंकडे पाहिले. त्या समजल्या. श्राद्धाचा सगळा स्वयंपाक त्या मंडळींना पोटभर वाढला, उरलेला बांधून दिला, जागा सारवली आणि पुन्हा नव्याने चूल पेटवून ब्राह्मणांसाठी दुसरा स्वयंपाक केला.

पण बातमी फिरली. आमंत्रित ब्राह्मणांनी येण्याचे नाकारले. श्राद्धाच्या दिवशी घरात पाने मांडलेली आणि पाटावर कुणी नाही! आजही अशी वेळ आली तर आपण गर्भगळित होऊ. पितर उपाशी गेले, आता घराला दोष लागणार, हीच भीती. नाथांनी शांतपणे पितरांनाच हाक मारली, आणि भानुदास, चक्रपाणी, सूर्यनारायण प्रत्यक्ष येऊन पाटावर बसले व तृप्त होऊन गेले, असे महिपतीबुवा सांगतात.

हा चमत्कार म्हणून ऐकला तर हात जोडून आपण मोकळे होतो. जरा थांबून पाहू. नाथांनी श्राद्ध टाळले नाही. दुसरा स्वयंपाक केला, आमंत्रणे पाळली, विधी सोडला नाही. म्हणजे श्राद्ध खोटे असे ते म्हणत नव्हते. पण पितरांचा घास अडतो तो कुठे, हे त्यांना कळले होते. दारातले पोर भुकेले ठेवून पितर तृप्त होणार नाहीत. ज्या सूर्यनारायणांना नाथांनी कधी डोळ्यांनी नीट पाहिलेही नव्हते, ते वडील त्या दिवशी मुलाच्या पानावर आले. आईबापांवाचून वाढलेल्या मुलाला याहून मोठे काय हवे होते?

अशीच एक गोष्ट नाथांच्या शांतपणाबद्दल सांगतात. एका गृहस्थाने त्यांना विचारले, तुम्हाला राग कसा येत नाही, मन वाईटाकडे कसे जात नाही? नाथ म्हणाले की ते राहू दे, पण आठ दिवसांनी तुझा मृत्यू दिसतो आहे. गृहस्थ घाबरा होऊन घरी गेला. ज्यांच्याशी भांडण होते त्यांची क्षमा मागितली, देणी फेडली, बायकोमुलांशी गोड बोलला, बाकी वेळ नामस्मरणात काढला. आठव्या दिवशी नाथ घरी गेले आणि विचारले, या आठ दिवसांत किती पापे केलीस? तो म्हणाला, मरण डोळ्यांपुढे असताना पाप सुचेल कसे? मग नाथांनी सांगितले की तुझे आयुष्य पुष्कळ आहे. पण जे तुला आठ दिवस दिसले ते मला रोज दिसते. तुझ्या प्रश्नाचे उत्तर एवढेच.

आपल्याला मरणाची आठवण आली की आपण खचतो. नाथांनी त्याच आठवणीने घर उजळले. त्यासाठी स्मशानात जाऊन बसावे लागले नाही. आठ दिवसांत त्या गृहस्थाने काय काय केले ते पाहा: माफी, देणी, गोड बोलणे, नाम. आपल्या घरातही हेच राहून गेलेले असते.

नाथांनी लिहिलेही पुष्कळ. एकनाथी भागवत काशीत शके १४९५ मध्ये, म्हणजे इ.स. १५७३ ला पूर्ण झाले. पुढे त्यांचा घसा दुखू लागला. स्वप्नात ज्ञानेश्वर माउली आल्या आणि अजानवृक्षाची मुळी गळ्याला लागली आहे ती काढ, असे त्यांनी सांगितले. नाथ आळंदीला गेले. माउलींनी समाधी घेऊन तेव्हा जवळजवळ तीनशे वर्षे होत आली होती आणि ती जागा रानात हरवल्यासारखी झाली होती. नाथांनी झाडी काढून समाधी शोधली, मुळी दूर केली. त्यानंतर ज्ञानेश्वरीच्या पोथ्यांत शिरलेले चुकीचे पाठ काढून शके १५०६ मध्ये, इ.स. १५८४ ला, शुद्ध प्रत सिद्ध केली. गेलेल्यांचे ऋण नाथांनी असेही फेडले. पिंड ठेवणे हा एक मार्ग झाला. पूर्वजाचे काम स्वच्छ करून पुढच्या पिढीच्या हातात देणे हा दुसरा.

मुलाचे दुःखही नाथांना चुकले नाही. हरिपंडित मोठे विद्वान निघाले. वडिलांनी प्राकृतात पुराण सांगावे, कुणाच्याही घरी जेवावे, हे त्यांना पटेना. ते रुसून काशीला गेले. नाथ त्यांना आणायला गेले आणि मुलाच्या अटी मान्य केल्या: परान्न घ्यायचे नाही, प्राकृत पुराण सांगायचे नाही. पैठणला संस्कृत पुराण सुरू झाले आणि श्रोते पांगले. नाथ काही बोलले नाहीत. पुढे एका गरीब विधवेचा सहस्रभोजनाचा संकल्प राहिला होता. एकट्या नाथांना जेवू घातले तर तो पुरा होईल, असे तिला सांगण्यात आले. हरिपंडितांनीच स्वयंपाक केला, नाथ जेवले. उष्टी पत्रावळ उचलायला मुलगा वाकला तर खाली दुसरी, तिच्याखाली तिसरी, अशा हजार निघाल्या म्हणतात. मुलगा वडिलांच्या पायांवर पडला. ज्यांची मुले आपल्यावर रुसून दूर आहेत त्यांनी यातले एकच लक्षात ठेवावे. समजवायला नाथ काशीपर्यंत स्वतः गेले, आणि घरी आणल्यावर वाद घातला नाही.

अखेरच्या काळात भावार्थ रामायण हाती होते. युद्धकांडाचे ४४ अध्याय झाले आणि नाथांनी लेखणी ठेवली. उरलेले काम गावबा नावाच्या शिष्याने पुरे केले. पुरणपोळीचा हावरा, मंत्र नीट न येणारा हा पोर नाथांच्या घरी वाढला होता. मोठमोठे पंडित सोडून काम त्याच्याकडे गेले. आपल्यालाही वाटते, एवढे उरकले की मग सुखाने जाऊ. नाथांचेही उरकले नव्हते. त्यांनी ते गुरुकृपेवर आणि एका साध्या मुलावर सोपवले.

जनार्दनस्वामी फाल्गुन वद्य षष्ठीला गेले. गुरूंची ती पुण्यतिथी नाथ दरवर्षी पैठणला उत्सव म्हणून करत, अशी परंपरा आहे. रडून नव्हे, कीर्तन आणि अन्नदान करून. शके १५२१ मध्ये त्यांनी स्वतःच्या जाण्यासाठीही तीच तिथी धरली. आधी सगळ्यांना सांगितले. वाळवंटात माणसे जमली, कीर्तन झाले, गोदावरीत स्नान केले आणि नाथांनी देह ठेवला. स्वामींचा जन्म, त्यांना झालेले दत्तदर्शन, नाथांची गुरुभेट, स्वामींचे निर्याण आणि नाथांचे निर्याण, अशा पाच गोष्टी या एका षष्ठीला जोडतात. तिला पंचपर्व म्हणतात. जन्म आणि मरण एकाच दिवशी, एकाच दिंडीत! आजही नाथषष्ठीला पैठणच्या वाळवंटात लाखो माणसे येतात, नाथांच्या वाड्यातला रांजण पाण्याने भरतात, आणि अष्टमीला काला घेऊन घरी जातात. तिथे कुणी सुतकी चेहऱ्याने फिरत नाही.

तेव्हा घाटावरची ती काळजी, आपल्यामागे कोण करणार, ती थोडी हलकी करावी असे वाटते. मुले करतील ते करतील. जमेल तसा विधी करावा, करवून घ्यावा, त्यात लाज नाही. पण यंदाच्या पितृपक्षात आपल्या दारात उभा असलेला एक तरी भुकेला पानावर बसवावा, ज्याच्याशी अबोला आहे त्याला आपणहून फोन करावा, आणि झोपताना आठ दिवसांचा हिशेब दत्तप्रभूंपुढे मांडावा. अधेलीची चूक सापडली तर नाथांसारखी टाळी वाजवावी.

॥ अवधूत चिंतन श्रीगुरुदेव दत्त ॥