शिडीला धरून पाहिलेला समुद्र

दिवाळी सरली की आपल्या सातारा-सांगलीकडून मालवणच्या सहली निघायला लागतात. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास होडी थांबते. डोळ्यांवर मास्क, तोंडात श्वासाची नळी आणि अंगात जॅकेट घालून पुरुषमंडळी नि मुलं पाण्यात उतरतात, खालची प्रवाळं आणि रंगीत मासे बघायला. आणि बायका? बायका होडीत. सगळ्यांचे मोबाइल, चष्मे, पाकिटं आणि टॉवेल मांडीवर घेऊन!

आमच्या भिशीत हा विषय निघाला की कारणं ठरलेली असतात. पोहता येत नाही, वय झालं, ओले कपडे बरे दिसत नाहीत, लोक काय म्हणतील. मला ती सगळी पटतात. माझं माहेर साताऱ्याचं, सासर सांगलीचं. तिकडे माहुलीला कृष्णा-वेण्णेचा संगम, इकडे हरिपूरला कृष्णा-वारणेचा. पण दोन्हीकडे पोहायला शिकवलं ते मुलग्यांना, आम्ही मुलींनी फक्त पाय बुडवले. म्हणून मैत्रिणींनो, मी उपदेश करत नाही. रेचल कार्सन या बाईंची गोष्ट तेवढी सांगते.

रेचलचा जन्म २७ मे १९०७ चा, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या स्प्रिंगडेल या गावी. गाव आपल्यासारखंच, समुद्रापासून लांब. घरी पैशाची कायम ओढाताण. आई मारिया लग्नाआधी शिक्षिका होती, लग्नानंतर नोकरी सुटली. पण लेकीला हाताशी धरून तिनं रानातले पक्षी, किडे, झाडं दाखवली. रेचल अकरा वर्षांची असताना तिची गोष्ट मुलांच्या मासिकात छापून आली. पुढे कॉलेजची फी भरायला आईनं पियानोच्या शिकवण्या वाढवल्या, घरातली चांगली चिनी मातीची भांडीसुद्धा विकली. लेक लेखिका व्हायला गेली होती, पण जीवशास्त्राच्या बाईंचा तास तिला असा काही आवडला, की तिनं विषयच बदलला. बायकांना विज्ञानात नोकरी कोण देणार, असं सांगणारे तेव्हाही पुष्कळ होते.

१९२९ मध्ये वुड्स होल इथल्या सागरी प्रयोगशाळेत ती उन्हाळ्यापुरती शिकायला गेली, तेव्हा तिनं समुद्र पहिल्यांदा पाहिला. वय बावीस! तोवर समुद्र फक्त पुस्तकातला. १९३२ मध्ये तिनं प्राणिशास्त्राची एम.ए. पदवी घेतली, डॉक्टरेट मात्र पैशापायी सोडावी लागली. १९३५ मध्ये वडील गेले, १९३७ मध्ये थोरली बहीण गेली. मागे म्हातारी आई आणि बहिणीच्या दोन शाळकरी मुली. घरची कर्ती आता रेचलच. सरकारच्या मत्स्य खात्यात तिला नोकरी लागली होती. दिवसभर कचेरी आणि रात्री लेखन, अशी तिची रीत झाली. आई घर बघायची आणि लेकीची हस्तलिखितं टाइपही करायची. १९४१ च्या नोव्हेंबरात पहिलं पुस्तक आलं आणि महिनाभरात अमेरिका महायुद्धात ओढली गेली. पुस्तक कुणी विचारलंही नाही.

तरी तिनं समुद्रावरचं दुसरं पुस्तक लिहायला घेतलं. विल्यम बीब हे त्या वेळचे नामांकित संशोधक स्वतः समुद्रात अनेकदा उतरलेले. पाण्याखाली एकदा तरी गेल्याशिवाय हे पुस्तक पुरं करू नको, असा त्यांनी आग्रह धरला. आता रेचल पोहण्यात यथातथाच, प्रकृतीनं नाजूक, वय बेचाळीस. तरी १९४९ च्या उन्हाळ्यात ती फ्लोरिडाला गेली. तेव्हाचा साज आजच्यासारखा हलका नव्हता. डोक्यावर धातूचा भलामोठा जड टोप चढवायचा, त्यात वरून नळीनं हवा सोडायची. त्यात हवामान वाईट, पाणी गढूळ, प्रवाहाला ओढ. तळावर हिंडणं बाजूलाच राहिलं, बाईंना होडीची शिडीसुद्धा सोडता आली नाही. काही फूट खोल, थोडाच वेळ. पण पाण्याखालून वरचा पृष्ठभाग कसा दिसतो, रंग कसे बदलतात, हे तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. आपण एकदा खाली जाऊन आलो आणि कधीच गेलो नाही, यात केवढं अंतर आहे, हे तिनं बीब यांना आवर्जून कळवलं.

त्याच उन्हाळ्यात संशोधनाच्या जहाजावरून तिला दहा दिवस खोल समुद्रात जायचं होतं. जहाजावर सगळे पुरुष, एकटी बाई कशी न्यायची, असा खात्याला प्रश्न पडला. मग सोबतीला आणखी एक बाई न्यायची असं ठरलं. हे वाचताना मला आपल्याकडचीच गोष्ट वाचतेय असं वाटलं!

१९५१ मध्ये पुस्तक आलं, ‘द सी अराउंड अस’. खपाच्या यादीत ते ८६ आठवडे राहिलं. पंचेचाळिशीत तिनं नोकरी सोडली आणि मेन राज्यात समुद्रकाठी छोटं घर बांधलं. १९५५ च्या पुढच्या पुस्तकात तिनं खडकाळ आणि वाळूच्या किनाऱ्यांबरोबर फ्लोरिडाच्या प्रवाळ किनाऱ्याचंही वर्णन केलं. त्यासाठी गुडघाभर पाण्यात तासन्‌तास उभी राहायची.

आपल्याला पोवळं माहीत ते अंगठीतलं. ते वेगळ्या जातीच्या प्रवाळाचं. मालवणला दिसतं ते दगडासारखं दिसणारं, पण जिवंत असतं. बारीक बारीक प्राणी एकमेकांना चिकटून राहतात आणि चुन्याचं घर बांधत जातात. त्यांच्या अंगात सूक्ष्म शेवाळ असतं, तेच त्यांना अन्न आणि रंग देतं. पाणी फार तापलं की हे शेवाळ निघून जातं, प्रवाळ पांढरं पडतं आणि बरेच दिवस तसंच राहिलं तर मरतं. मालवणचा हा समुद्र १९८७ पासून अभयारण्य आहे. तेव्हा पाण्यात उतराल तर प्रवाळावर पाय ठेवू नका आणि तुकडा आठवण म्हणून घरी आणू नका. जॅकेट असलं की आपण तरंगतो, गाइडही धरून ठेवतो. आपण फक्त तोंड पाण्यात घालायचं आणि नळीतून सावकाश श्वास घ्यायचा. हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा.

रेचलची खरी परीक्षा पुढेच होती. १९५७ मध्ये भाची वारली. तिचा पाच वर्षांचा मुलगा रेचलनं दत्तक घेतला, तेव्हा ती पन्नाशीची होती. पुढच्याच वर्षी आई गेली. याच काळात ती डीडीटीसारख्या कीटकनाशकांचा अभ्यास करत होती. फवारलेलं विष किड्यांवर थांबत नाही, ते ओढ्यात जातं, माशांत जातं, पक्ष्यांत आणि माणसांत साठतं, हे ती पुराव्यानिशी मांडत होती. १९६० मध्ये तिच्या स्तनाच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया झाली. आजार तिनं लोकांपासून लपवला, कारण तेवढंच निमित्त धरून विरोधकांनी तिचं म्हणणं उडवून लावलं असतं.

१९६२ मध्ये ‘सायलेंट स्प्रिंग’ आलं आणि रासायनिक कंपन्या तुटून पडल्या. बिनलग्नाच्या बाईला पुढच्या पिढ्यांची काळजी कशाला, इथपर्यंत टीका झाली. केस गेलेले, चालणं अवघड झालेलं, तशा अवस्थेत विग घालून ती १९६३ मध्ये संसदेच्या समितीपुढे बसली आणि शांतपणे साक्ष दिली. सगळी रसायनं बंद करा असं तिचं म्हणणं नव्हतंच. काय फवारतो आणि त्याचं पुढे काय होतं, हे कळून घ्या, एवढंच होतं.

आमच्या तासगावकडच्या द्राक्षबागांत फवारणीला औषध मारणं म्हणतात. विषाला औषध म्हणायची आपल्याला सवयच झालीय. त्या बाटलीवरच्या चौकटीत रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा. बागेत विरळणीला जाणाऱ्या प्रत्येक बाईला हे ठाऊक हवं.

१४ एप्रिल १९६४ ला रेचल गेली, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी. अमेरिकेत डीडीटीवर बंदी आली १९७२ मध्ये, आपल्याकडे शेतीतला डीडीटी बंद झाला १९८९ मध्ये. तिला त्यातलं काहीच बघायला मिळालं नाही. तिच्या अस्थी दोन ठिकाणी गेल्या. अर्ध्या आईशेजारी पुरल्या आणि अर्ध्या मेनच्या किनाऱ्यावर समुद्रात सोडल्या.