अ‍ॅनफिल्डचे धनी जॉन होल्डिंग

टॉम हिक्स आणि जॉर्ज जिलेट या अमेरिकी उद्योगपतींनी २००७ मध्ये लिव्हरपूल फुटबॉल क्लब विकत घेतला, तेव्हा चाहत्यांनी प्रारंभी त्यांचे स्वागतच केले. क्लबवरील कर्ज वाढू लागताच हेच चाहते रस्त्यावर उतरले आणि २०१० मध्ये मालक बदलेपर्यंत स्वस्थ बसले नाहीत. मात्र पैसेवाला धनी आणि क्लबची माणसे यांच्यातील तंटा अ‍ॅनफिल्डला नवा नाही. लिव्हरपूल क्लबचा जन्मच मुळी अशा तंट्यातून झाला. त्या तंट्याच्या केंद्रस्थानी होते जॉन होल्डिंग.

१८३३ मध्ये लिव्हरपूल येथे सामान्य कुटुंबात जन्मलेल्या होल्डिंग यांनी बिअरच्या धंद्यात मोठी संपत्ती मिळवली. हुजूर पक्षाच्या राजकारणातही त्यांचे वजन होते. एव्हर्टन भागात त्यांचा दबदबा इतका, की लोक त्यांना 'किंग जॉन' म्हणत. या भागातील एव्हर्टन क्लब १८७८ मध्ये मेथॉडिस्ट पंथाच्या प्रार्थनामंदिरातील तरुणांनी सुरू केला होता. क्लबला मैदानाची विवंचना होती. १८८४ मध्ये होल्डिंग यांच्या मध्यस्थीने त्याला अ‍ॅनफिल्डची जागा मिळाली. पुढे ती जागा त्यांनीच विकत घेतली आणि क्लबचे अध्यक्ष हेच क्लबचे घरमालकही झाले.

इथेच ठिणगी पडली. संघाची कीर्ती आणि प्रेक्षकांची गर्दी वाढू लागली, तसे वार्षिक भाडेही चढत गेले. १०० पौंडांचे भाडे काही वर्षांतच २५० पौंडांवर पोचले. खेळाडूंनी कपडे बदलायचे ते होल्डिंग यांच्या सँडन हॉटेलात. मैदानावर पेये विकण्याचा हक्कही त्यांचाच. मद्यपानाला विरोध करणाऱ्या अनेक सभासदांना हे सहन होणे शक्य नव्हते. होल्डिंग यांची बाजू अगदीच लंगडी होती, असे मात्र नाही. क्लबला जागा नव्हती तेव्हा पैसा आणि पत त्यांनीच पणाला लावली होती. १८९१ मध्ये एव्हर्टन लीग विजेता ठरला, तोही त्यांच्याच मैदानावर खेळून. तथापि उपकाराची वसुली कुठवर करायची, याचा त्यांचा अंदाज चुकला.

कंपनी स्थापून आपली व शेजारची जमीन क्लबने विकत घ्यावी, असा प्रस्ताव त्यांनी मांडला. प्रार्थनामंदिरात ऑर्गन वाजवणारे जॉर्ज मॅहन विरोधकांचे पुढारी झाले. दुसरे मैदान मिळणार कुठे, अशी हेटाळणी झाली तेव्हा ते आपल्या खिशातच असल्याचे मॅहन यांनी सुनावले, असे सांगतात. सभासदांनी बहुमताने अ‍ॅनफिल्ड सोडले. स्टॅन्ले पार्कच्या पलीकडील ओसाड जागेवर काही महिन्यांत गुडिसन पार्क उभे राहिले. २०२५ पर्यंत एव्हर्टनचा पुरुष संघ तिथेच खेळला.

होल्डिंग यांच्याकडे मैदान उरले, संघ मात्र उरला नाही. एव्हर्टन हे नाव आपल्याकडेच राखण्याचा त्यांचा प्रयत्नही फसला. अखेर मार्च १८९२ मध्ये त्यांनी नवा क्लब काढला आणि त्याला शहराचेच नाव दिले. जॉन मॅकेना यांनी स्कॉटलंडमधून खेळाडू गोळा केले. १ सप्टेंबर १८९२ रोजी रॉदरहॅम टाउनविरुद्धच्या पहिल्या सामन्यात लिव्हरपूलने ७-१ असा विजय मिळवला, पण तो पाहायला मोजकीच माणसे होती. विजेतेपद पाहिलेली गर्दी बागेपलीकडे गेली होती. गर्दी विकत घेता येत नाही, हे त्या धनाढ्य कारखानदाराला त्या दिवशी रिकाम्या स्टँडनी दाखवून दिले.

तरीही होल्डिंग खचले नाहीत. १८९३ मध्ये लिव्हरपूलला लीगमध्ये प्रवेश मिळाला. १८९७ मध्ये ते शहराचे लॉर्ड मेयर झाले. १९०१ मध्ये लिव्हरपूलने पहिले लीग विजेतेपद पटकावले. त्यानंतर वर्षाच्या आतच, १७ मार्च १९०२ रोजी, फ्रान्समधील नीस येथे होल्डिंग यांचे निधन झाले. पार्थिव लिव्हरपूलला आणण्यात आले, तेव्हा दहा वर्षांपूर्वीचे वैर बाजूला ठेवून एव्हर्टन आणि लिव्हरपूल या दोन्ही क्लबांच्या खेळाडूंनी शवपेटीला खांदा दिला.